एनबीएची फाइल पहिल्यांदाच हाती आली असेल तर

ऑगस्टात आमच्या विभागातल्या सगळ्यांत नव्या प्राध्यापिकेवर एनबीएच्या, म्हणजे पदवी कार्यक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, समन्वयाचं काम आलं. संध्याकाळी कदंबाच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. बाहेर धो धो पाऊस. डिचोली येईपर्यंत तिचा एकच प्रश्न, "मॅडम, सुरुवात कुठून करू?" बसमध्ये जेवढं सांगून झालं ते झालं. राहिलेलं इथे लिहिते आहे. गोव्यातल्या इतर कॉलेजांतही दर वर्षी कुणा ना कुणाच्या टेबलावर ही फाइल येऊन पडते, आणि बहुतेक वेळा तिच्यासोबत सांगणारं माणूस येत नाही.

मी मेकॅनिकल शिकवते. या प्रक्रियेतून दोनदा गेले आहे. पहिल्यांदा आम्ही फार चुकलो. दुसऱ्यांदा त्या चुका ठाऊक होत्या म्हणून काम सरळ झालं.

आधी नावांचा घोळ मिटवून घ्या, कारण बैठकीत अर्धा वेळ त्यातच जातो. एआयसीटीई ही तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद कॉलेजला मान्यता देते, म्हणजे अभ्यासक्रम चालवायची परवानगी. गोवा विद्यापीठ संलग्नता देतं, अभ्यासक्रम आखतं आणि पदवी देतं. बेंगळुरूची नॅक मानांकनासाठी संपूर्ण संस्थेकडे पाहते. एनबीए एकेका पदवी कार्यक्रमाकडे पाहते. त्यामुळे एकाच इमारतीत मेकॅनिकलला मानांकन आहे आणि शेजारच्या शाखेला नाही, असं खुशाल असू शकतं. एनबीए आणि नॅक दोन्ही 1994च्या. एनबीए सुरुवातीला एआयसीटीईच्या छत्राखाली होती, 2010 मध्ये स्वायत्त झाली. 13 जून 2014 रोजी भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता मिळावी म्हणून 1989 मध्ये झालेला हा करार. आपण आज ज्या पद्धतीने मोजमाप करतो तिचं मूळ तिथे आहे. "तुम्ही काय शिकवलं?" हा प्रश्न मागे पडला आणि "विद्यार्थ्याला काय करता येतं, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता?" हा प्रश्न पुढे आला.

हा दुसरा प्रश्न एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. एनबीएला द्यायचा सगळा स्वमूल्यमापन अहवाल त्याच्याभोवती फिरतो.

अर्जाआधीचं गणित

मजकूर लिहायला बसण्याआधी आकडे तपासा. आकडे बसले नाहीत तर मजकूर कितीही चांगला असो, उपयोग होत नाही. दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या हव्यात. जागा पुरेशा भरलेल्या हव्यात. विभागप्रमुखाकडे पीएचडी हवी, आणि शिक्षक पुरेसे हवेत.

शिक्षकांचं गणित करून दाखवते, कारण इथे हमखास चूक होते. समजा प्रवेशक्षमता 60 आहे आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली 6 मुलं आहेत. विभागाच्या खात्यात दुसरं, तिसरं आणि चौथं वर्ष धरतात. पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा होतो. म्हणजे 66 गुणिले 3, एकूण 198 विद्यार्थी. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला तर 9.9, म्हणजे 10 शिक्षक लागतात. आम्ही अहवालाच्या ज्या नमुन्यावर काम केलं त्यात सहा वर्षांच्या मानांकनासाठी लागणाऱ्या शिक्षकांपैकी 30 टक्के पीएचडी असणं गरजेचं होतं, म्हणजे तीन जण. एका शिक्षकामागे विद्यार्थी पंचविसाच्या वर गेले की त्या उपनिकषाला शून्य. डिप्लोमावाली सहा मुलं पहिल्यांदा आम्ही धरलीच नव्हती. व्यवस्थापनाला शिक्षकांची जाहिरात द्यायला सांगायचं असेल तर हा अर्ध्या पानाचा हिशेब घेऊन जा. "मनुष्यबळ कमी आहे" एवढ्यावर कुणी हलत नाही, आकड्यावर हलतात.

मिशनच्या पाटीवर काय लिहायचं

प्रत्येक विभागाच्या दारात व्हिजन-मिशनची पाटी असते. जागतिक दर्जा, उत्कृष्टता, समाजाभिमुख अभियंते. आमचीही तशीच होती आणि बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी पाटीवरून उतरवलेली होती.

त्याखाली येतात कार्यक्रमाची शैक्षणिक उद्दिष्टं. आपली मुलं पदवीनंतर चार-पाच वर्षांनी कुठे असावीत आणि काय करत असावीत, हे त्यात सांगायचं असतं. इथे गोव्याकडे नीट बघा. आमच्या जुन्या मुलांपैकी बरीच खाणींच्या वर्कशॉपमध्ये होती. डंपर, लोडर, बार्ज यांची देखभाल हे त्यांचं काम. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. डिचोलीत राहते म्हणून ती वर्षं मी घराच्या खिडकीतून पाहिली. रस्त्यावरची ट्रकांची रांगच नाहीशी झाली. मुलं वेर्ण्याच्या आणि कुंडईच्या कारखान्यांकडे वळली, औषधांच्या प्लँटमध्ये युटिलिटीला, म्हणजे वाफ-पाणी पुरवणाऱ्या विभागात, लागली, काही वास्कोला जहाजबांधणीत गेली. आमची उद्दिष्टं मात्र तीच राहिली. मग आम्ही माजी विद्यार्थ्यांना फोन केले, एकेकाला, घरच्यासारखे. बॉयलर, चिलर, पंप, दाबाच्या वाहिन्या, देखभालीचं नियोजन हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आले. उद्दिष्टं बदलली ती त्या फोनांवरून. त्या फोनांच्या नोंदी, म्हणजे तारीख, कोण काय म्हणालं आणि त्यावर सल्लागार मंडळाने काय ठरवलं, हाच तुमचा पुरावा. छापील प्रश्नावलीवर "उत्तम"च्या चौकटीत केलेल्या पन्नास खुणांपेक्षा अशी दहा माणसांची खरी नोंद एनबीएकडून तपासणीला येणारे तज्ज्ञ लक्ष देऊन वाचतात.

एका प्रश्नाची गोष्ट

आता मुख्य काम. प्रत्येक विषयाची चार-सहा फलितं असतात, म्हणजे तो विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता यायला हवं ते; त्यांना आपण सीओ म्हणतो. संपूर्ण पदवीची फलितं म्हणजे पीओ. कुठलं सीओ कुठल्या पीओला किती हातभार लावतं ते 1, 2, 3 अशा आकड्यांनी तक्त्यात मांडायचं. सगळीकडे 3 भरू नका. गणिताच्या विषयासमोर "पर्यावरण" आणि "नीतिमत्ता" यांनाही 3 दिसले की तज्ज्ञ तिथेच थांबतात आणि पुढचा तासभर तुमचा तक्ता उलगडत बसतात. नातं नसेल तिथे रेघ ओढा. रिकामी चौकट हेही प्रामाणिक उत्तर आहे.

मी चौथ्या सत्राला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. त्यातलं माझं तिसरं सीओ असं: पाइपमधल्या घर्षणाने होणारी हेडची, म्हणजे मीटरमध्ये मोजलेल्या पाण्याच्या दाबाची, घट काढून योग्य पाइप आणि पंप निवडता येणं. वाक्याचा शेवट "येणं" असा आहे, ते मुद्दाम. "घर्षणाची माहिती होणं" असं लिहिलं असतं तर मोजायचं काय?

त्या वर्षी वर्गात 62 मुलं होती. चाचणीत प्रश्न 2 ब या सीओवर, 10 गुणांचा. आमची पातळी अशी ठरलेली: निम्म्या मुलांना 60 टक्के गुण मिळाले तर पातळी 1, साठ टक्के मुलांना मिळाले तर 2, सत्तर टक्के मुलांना मिळाले तर 3. सहा किंवा जास्त गुण मिळाले फक्त 23 जणांना. म्हणजे 37 टक्के. पातळी शून्य.

विद्यापीठाच्या परीक्षेत त्याच विषयाची पातळी 2 आली. आता नीट बघा. विद्यापीठाचे गुण आमच्या हाती एकूण येतात, प्रश्नवार येत नाहीत. त्यामुळे विषयाच्या सगळ्या सीओंना सरसकट तीच पातळी मिळते. आम्ही विद्यापीठाला 80 टक्के आणि अंतर्गत चाचणीला 20 टक्के वजन दिलं होतं. 2 चे 80 टक्के म्हणजे 1.6, अधिक शून्याचे 20 टक्के. उत्तर 1.6. आमचं लक्ष्य होतं 1.5. तक्त्यात हिरवा रंग आला: "साध्य".

वर्गातल्या 39 मुलांना पंप निवडता येत नव्हता आणि आमचा तक्ता म्हणत होता की येतो. तुमच्याकडेही हे असंच लपलेलं असणार, कारण ते सूत्रातच आहे. म्हणून शेवटचा आकडा पाहण्याआधी चाचणीचा प्रश्नवार तक्ता वेगळा काढा आणि शून्य व एक पातळीच्या सीओंना लाल खूण करा. सूत्र बदलू नका, ते ठरलेलं राहू द्या. लाल खुणांची यादी मात्र स्वतंत्र ठेवा. सुधारणेच्या निकषात लिहायचा मजकूर त्या यादीतून येतो.

कारण शोधायला मी प्रयोगवह्या उघडल्या. पाइप घर्षणाच्या प्रयोगात एका रीडिंगला 14.7 लिहिलेलं, आणि ते 17.4 असायला हवं होतं हे शेजारच्या आकड्यांवरून स्पष्ट दिसत होतं. लिहिताना अंकांची अदलाबदल झालेली. तीच चूक नऊ वह्यांत. मागच्या वर्षीची वही काढली, तिच्यातही 14.7. लॅबमध्ये जाऊन पाहिलं तर दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरच्या जोडात हवा शिरत होती आणि पारा स्थिर राहतच नव्हता. मुलांनी रीडिंग घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून वरच्या वर्गाची वही उतरवली. आम्ही त्याखाली सह्या केल्या. माझी सहीही होती.

जोड बदलायला काहीच खर्च आला नाही. पण मला वाटलं, तेवढ्याने भागणार नाही. आमच्याकडे कितीतरी मुलांच्या घरी कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आहे, किंवा मामाकडे, आजोळी. पुढच्या वर्षी असाइनमेंट दिली: घरच्या किंवा ओळखीच्या कुळागरातल्या बांयवरच्या, म्हणजे विहिरीवरच्या, पंपाचा हिशेब करून आणा. पाइप टेपने मोजा, उंची मोजा, बादली आणि मोबाइलच्या घड्याळाने पाण्याचा प्रवाह मोजा.

एका मुलाची वही अजून माझ्या कपाटात आहे. विहिरीतल्या पाण्यापासून वरच्या माडांपर्यंत चढ 18 मीटर. पाइप 90 मीटर लांब, आतून 32 मिलिमीटर. हवं असलेलं पाणी सेकंदाला दीड लिटर. घर्षणगुणक 0.025 धरून त्याने घट काढली: सुमारे साडेबारा मीटर. घरचे लोक मोठा पंप आणायच्या विचारात होते. त्याने पाइप 50 मिलिमीटरचा धरून तेच गणित पुन्हा केलं. घट आली 1.3 मीटर. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "पंप नको, पाइप बदलूया." घट व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, तो पाचवा घात मी फळ्यावर कितीतरी वर्षं लिहीत आले होते. त्याला तो माडांखाली दिसला.

त्या वर्षी 64 पैकी 41 जणांनी चाचणीतला तसाच प्रश्न सोडवला. 64 टक्के, पातळी 2. अहवालात या सगळ्याने अर्धं पान घेतलं: काय कमी पडलं, कशामुळे, काय केलं, पुढे काय झालं. प्रत्येक विषयात असं एक तरी अर्धं पान खरं असू द्या.

पहिल्या खेपेची चूक

हे लिहायला मला जड जातं, तरी लिहिते. पहिल्या वेळी वरून निरोप आला होता: तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं फाइलला लावा. बैठका झाल्या होत्या, पण व्हरांड्यात, चहा पिताना. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. दोन रात्रींत आम्ही तीन वर्षांची इतिवृत्तं लिहिली. एक माझ्या हातची होती. तज्ज्ञांनी ती उघडली, तारखेवर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे पाहिलं. ते म्हणाले, "या दिवशी तुमच्याकडे गणेश चतुर्थीची सुट्टी नसते का?" चवथीचा दुसरा दिवस होता तो. अख्खा गोवा घरी असतो. त्यानंतर त्यांनी एकेक कागद त्याच नजरेने पाहिला, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. खरे असलेले आमचे कितीतरी कागदही त्या एका पानामुळे संशयात गेले. त्या खेपेला मानांकन मिळालं नाही.

तेव्हापासून आमचा नियम सोपा आहे. बैठक संपली की तिथेच पाच ओळी लिहायच्या, हाताने, आणि हजर असलेल्यांनी सही करायची. बैठक झाली नसेल तर झाली नाही. दोन वर्षांत चार खऱ्या बैठका असतील तर चारच लावा.

निकष आणि गुण, थोडक्यात

आमचा अहवाल जून 2015च्या नमुन्यावर होता. संलग्न कॉलेजांसाठी दहा निकष, एकूण 1000 गुण. सगळ्यांत जास्त 200 शिक्षकांना, मग 150 विद्यार्थ्यांच्या कामगिरीला, आणि अभ्यासक्रम व अध्यापन, फलितं, प्रशासन यांना 120-120. सहा वर्षांसाठी 750 लागत आणि विद्यार्थी, शिक्षक, सुविधा या तिन्ही निकषांत किमान 60 टक्के. तीन वर्षांसाठी 600. आता नवा नमुना आला आहे. निकष नऊ आहेत आणि पीओ बारावरून अकरा झाली आहेत. समाज आणि पर्यावरण ही पूर्वीची दोन फलितं त्यात एकत्र आली. बेरीज अजून 1000च आहे. अर्ज करताना एनबीएच्या संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नमुना उतरवून घ्या. दुसऱ्या कॉलेजकडून मिळालेली जुनी वर्ड फाइल वापरू नका.

सुविधांबद्दल एवढंच सांगते की आपल्या हवेत यंत्रं गंजतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक लॅबमध्ये देखभालीची वही रोज भरली जाईल असं पाहा. ऑक्टोबरात एकदम सगळी वही भरलेली लगेच ओळखू येते.

व्हिजिटचे तीन दिवस

बहुतेक वेळा शुक्रवार ते रविवार. एक अध्यक्ष आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी दोन तज्ज्ञ. मुलांना आधीच सांगून ठेवा, रविवारीही यायचं आहे. पण काय बोलायचं हे त्यांना पढवू नका. पहिल्या खेपेला आम्ही मिशन पाठ करून घेतलं होतं. सगळ्यांनी एकाच सुरात म्हटलं आणि पुढचा साधा प्रश्न आल्यावर सगळे गप्प झाले.

दुसऱ्या खेपेला तज्ज्ञबाईंनी माझ्या कोर्स फाइलमधून ती कुळागराची वही काढली आणि म्हणाल्या, या मुलाला बोलवा. तो तेव्हा चौथ्या वर्षाला होता, वर्कशॉपमधून ग्रीसचे हात घेऊन आला. त्यांनी विचारलं, "पंप का नाही बदलला?" त्याने कागद मागितला, दोन्ही व्यासांचं गणित उभ्या उभ्या करून दाखवलं. मग सांगितलं की पाइप खरंच बदलला आणि आता वरच्या माडांनाही पाणी पोचतं. तज्ज्ञबाई दहा मिनिटं त्याच्याशीच बोलत राहिल्या, माझ्याकडे वळल्याच नाहीत. मीही मध्ये बोलले नाही.

प्रयोगशाळा साहाय्यकांनाही प्रश्न विचारले जातात. आमच्या साहाय्यकांनी मॅनोमीटरचा जोड कधी आणि का बदलला ते वहीतल्या तारखेसह सांगितलं. त्यांना तुमच्या तयारीच्या बैठकांत पहिल्या दिवसापासून बसवा. पालक आणि माजी विद्यार्थीही भेटतात. व्यवस्थापनाच्या ओळखीचे चार जण बोलावण्यापेक्षा जे फोनवर मोकळे बोलले त्यांना बोलवा.

शेवटच्या दिवशी समारोपाची बैठक होते. तिथे सांगितलेल्या उणिवा शब्दशः लिहून घ्या, वाद घालू नका. निकाल त्या दिवशी कळत नाही, तो एनबीएच्या समित्यांमधून नंतर येतो. आम्हाला तीन वर्षं मिळाली.

पालकांसाठीही एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मे-जूनमध्ये शेजारीपाजारी हेच विचारतात. "कॉलेज एनबीए आहे" हे वाक्य अपुरं आहे. कोणती शाखा आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे विचारा. एनबीएच्या संकेतस्थळावर कार्यक्रमवार यादी आहे, तिथे स्वतः पाहा. मुलाला पुढे परदेशात व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करायची असेल तर आणखी एक पाहा: वॉशिंग्टन कराराची मान्यता टियर-एकच्या मानांकनाला आहे, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं. संलग्न कॉलेजांचं मानांकन टियर-दोनमध्ये येतं. त्याने पदवी कमी ठरत नाही, पण हा फरक प्रवेशाआधी माहीत असलेला बरा.

बसमधल्या त्या मुलीला मी सोमवारी पहिलं काम दिलं. अहवालाचा नमुना अजून उघडायचा नाही. गेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घ्यायचे, विषयवार, आणि प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी नुसता प्रश्नाचा क्रमांक लिहून सोडून दिलं ते मोजायचं. काल संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली ती थर्मोडायनॅमिक्सचा प्रश्न 3 अ घेऊन. 58 मुलं, त्यातली 31 कोरी.